पणजीला रोज जायचं, तर राहायचं कुठे?

पणजी तशी दोन तासांत पायी फिरून संपेल एवढी. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत साधारण चाळीस हजार माणसं होती. पण कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ ते साडेनऊ या तासाभरात बार्देश, डिचोली, फोंडा, सासष्टी अशा चारी बाजूंनी लोक या एवढ्याशा जागेत शिरत असतात, आणि प्रत्येकाच्या वाटेत पाणी आडवं येतं. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी आणि पूर्वेला या दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. तिसवाडीत, म्हणजे पणजीच्या तालुक्यात, शिरायचं तर पूल नाहीतर फेरीबोट. आम्ही घर शोधायला निघालो तेव्हा भाडं, खोल्या, गॅलरी असला विचार करत होतो. सहा महिन्यांनी करारावर सही झाली ती पुलांचा हिशेब करून.

आमची गरज अशी होती: एक नोकरी पणजीतल्या पाटो भागात, साडेनऊ ते सहा. दुसरी बांबोळीला, पाळ्यांची, म्हणजे महिन्यातून सात-आठ रात्री. तोवर मुक्काम साखळीला. घराला कुलूप लावल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत दीड तास, परतीची बस चुकली तर दोन. दोन बेडरूम हव्या होत्या आणि भाडं २० हजारांच्या आत. विकत घ्यायचं नव्हतं, त्यामुळे एक-चौदाचा उतारा, सनद, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट ही वेगळीच दुनिया इथे येणार नाही.

७ एप्रिल २०२५, सोमवार. त्या दिवशी कागदावर पहिली यादी केली. पाटोच्या बसस्टँडपासून अंतरं ढोबळमानाने अशी: पर्वरी ६ किलोमीटर, जुने गोवे १०, म्हापसा १३, माशेल १८, फोंडा २९, मडगाव ३३. पेट्रोलचा हिशेब सोपा असतो. महिन्याचे २४ कामाचे दिवस, दुचाकी लिटरला ४५ किलोमीटर, आणि गणित सोपं पडावं म्हणून लिटरला शंभर रुपये धरा. पर्वरी महिन्याला साडेसहाशे, म्हापसा चौदाशे, फोंडा एकतीसशे, मडगाव पस्तीसशे. दलालांनी सांगितलेली भाडी याच्या उलट्या क्रमाने: पर्वरीत २५ ते ३० हजार, म्हापशात १६ ते २०, फोंड्यात १३ ते १५. ताळगाव, दोनापावला, मिरामार इथे बोलणंच तिशीच्या पुढे सुरू व्हायचं. म्हणजे नुसत्या पैशांनी पाहिलं तर फोंडा कुणालाही सहज हरवतो. पर्वरीपेक्षा पेट्रोलला अडीच हजार जास्त गेले तरी भाड्यात बारा-पंधरा हजार वाचतात.

वेळेचं गणित मांडलं की हा आनंद ओसरतो. एका वेळेला पस्तीस मिनिटं जास्त लागली तर दिवसाला सत्तर, महिन्याला अठ्ठावीस तास. पेट्रोल वजा जाता वाचलेले दहा-बारा हजार या तासांनी भागून बघा आणि तो भाव तुम्हाला परवडतो का ते ठरवा. काहींना परवडतो, आणि त्यात गैर काही नाही.

यादी करताना आमच्याकडून एक चूक झाली. ‘पणजी’ म्हणून एकच टोक धरलं. कदंबचा, म्हणजे सरकारी बसचा, स्टँड पाटोवर आहे, म्हणून पाटोवर काम करणारा बसमधून उतरला की पाच-सात मिनिटांत ऑफिसात. तेच ऑफिस कांपाल, आल्तिनो किंवा मिरामारला असेल तर दुसरी बस किंवा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी; आणखी पंधरा-वीस मिनिटं सहज. सचिवालय आणि उच्च न्यायालय तर पर्वरीतच आहेत, तिथे नोकरी असेल तर सकाळी पूल ओलांडायचीही गरज नाही. बांबोळीला जायचं तर पणजी शहरात शिरायचंच नसतं, मेरशी जंक्शनवरून दक्षिणेला वळायचं असतं. दोघांची टोकं नकाशावर वेगवेगळी टोचली तेव्हा अर्धी यादी आपोआप गळाली.

मे: पाणी

घर उन्हाळ्यात एकदा आणि पावसात एकदा बघायचं, हे साखळीतल्या शेजाऱ्यांनी आधीच बजावलं होतं. मे महिन्याच्या चार शनिवारी अकरा घरं पाहिली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न: नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ? मालकाला विचारू नका, खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा. मालक म्हणतो ‘भरपूर’. बाई म्हणतात ‘पहाटे साडेचार ते सहा, वरच्या मजल्यावर चढत नाही’.

टाकीचं माप बघा. माणशी दिवसाला १३५ लिटर हा नगरनियोजनातला नेहमीचा आकडा. दोघांना २७० लिटर, म्हणजे ५०० लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही. सोसायटीत जमिनीखालची टाकी आहे का, पंप कोण चालवतं, टँकर मागवला तर पैसे कुणी भरायचे, हे विचारून घ्यायचं. कदंब पठारावरच्या दोन इमारतींत आम्ही गेलो. देखणी घरं, वारा छान, लिफ्ट. पण दोन्हीकडे मेमधला टँकरचा खर्च देखभाल शुल्कात धरलेला नव्हता, तो वेगळा. पठारावर पाणी चढवावं लागतं, आणि तिथे इमारती भराभर वाढताहेत.

पाणी कुठून येतं हेही माहीत असावं. तिसवाडी आणि फोंड्याला खांडेपारच्या काठावरचा ओपा प्रकल्प पाणी देतो, बार्देशला मुख्यतः अस्नोडा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये केरी-खांडेपारला जमीन खचून ओपाची जलवाहिनी फुटली तेव्हा पणजीसकट सगळी तिसवाडी ऐन पावसात कित्येक दिवस कोरडी होती. त्या आठवड्यात ज्यांच्या आवारात विहीर होती ते निवांत होते. म्हणून आमच्या वहीत ‘विहीर’ नावाचा वेगळा रकाना होता. खोर्लीच्या एका जुन्या घराच्या मालकीणबाईंनी विहिरीवर नेऊन कळशी सोडून दाखवली. पाणी तळाशी होतं, पण होतं. ‘मे म्हयन्यांत आसा म्हळ्यार वर्सभर आसा,’ एवढंच बोलल्या.

जाता जाता: मेमध्ये ताजा रंग मारलेली भिंत दिसली तर खूश होऊ नका. तिथे हात लावून ठेवा, जुलैत त्याच जागी परत लावायचा आहे.

जून-जुलै: वाट

गोव्यात नातेवाईक नसलेला तालुका सापडत नाही, त्याचा फायदा घेतला. ज्या गावाचा विचार चालला होता तिथे कुणाकडे तरी चार-पाच दिवस राहायचं आणि तिथून कामावर जायचं. घड्याळ सुरू कुलूप लावताना, बंद खुर्चीत बसल्यावर. नकाशावरच्या ॲपचा आकडा घेतला नाही, कारण त्यात रेनकोट चढवणं, थांब्यावरचं थांबणं आणि पणजीत गाडी लावायला जागा शोधणं येत नाही.

१६ ते २० जून म्हापसा. बसने जायचे दोन मार्ग आहेत. कदंबची शटल: तिकीट खिडकीवर आधी काढायचं, रांगेने चढायचं, मध्ये थांबा नाही. आणि खासगी बस: दर थांब्याला थांबणारी, दारात उभा राहून कंडक्टर ‘पोणजे, पोणजे’ ओरडणार आणि आत शिरलात की ‘फुडें वच’. शटलची रांग सोमवारी सकाळी सगळ्यांत लांब. त्या दिवशी सव्वाआठच्या आत रांगेत उभं राहायचं. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, म्हणून सकाळी उलट्या दिशेनेही गर्दी आणि स्टँडवर गाड्यांना हलायला जागा नाही. आम्ही मुद्दाम शुक्रवारपर्यंत राहिलो. पाच दिवसांतली सर्वांत कमी वेळ ४८ मिनिटं, सर्वांत जास्त दीड तासाला पाच कमी.

हा दीड तास म्हापशामुळे नव्हे, पर्वरीमुळे. पर्वरीत महामार्गावर २०२५ मध्ये सुमारे पाच किलोमीटरचा उड्डाणमार्ग बांधला जात होता. वळवलेले रस्ते, खांबांसाठी खोदलेली मधली पट्टी, पावसात खड्डा कुठे आणि रस्ता कुठे ते कळत नव्हतं. काम संपलं की हे चित्र पार बदलणार होतं. पण भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, आणि आपण राहणार ते अकरा महिने कसे जातील तेच बघायचं असतं.

पर्वरीत राहायला गेलात तर त्या कोंडीचा अर्धा भाग टळतो, हे खरं. शाळा, दवाखाने, दुकानं जवळ. गोमंतक मराठी अकादमीची वास्तूही तिथेच. पण दोन गोष्टी आधी समजून घ्या. पर्वरी ही नगरपालिका नाही. ती सुकूर, पेन्ह द फ्रान्स आणि साल्वादोर द मुंद या तीन पंचायतींत वाटलेली आहे. कचरा कोणत्या दिवशी उचलतात, रस्त्यावरचा दिवा गेला तर कुणाला सांगायचं, याचं उत्तर गल्लीगणिक बदलतं. करारात पंचायतीचं नाव आणि घर क्रमांक नीट लिहून घ्या. दुसरी गोष्ट दुचाकीवाल्यांसाठी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. त्यांना खालच्या जुन्या पुलांवरूनच जावं लागतं, तिथे सगळी गर्दी, आणि जुलैतला आडवा वारा मांडवीवर दुचाकीला अक्षरशः ढकलतो. चारचाकीने पाहणी करून घर घेतलंत आणि मग रोज स्कूटर काढलीत, असं करू नका.

भाड्याचं आणखी एक. पर्वरी, नेरुल, दोनापावला या पट्ट्यात काही मालकांना घर पर्यटकांसाठी मोकळं ठेवायचं असतं. एकाने गोड बोलून अट घातली की डिसेंबरचे पंधरा दिवस आम्ही गावी जायचं, तेवढं भाडं तो सोडेल. अशा घरात सामान घेऊन शिरण्यात अर्थ नाही.

२३ ते २७ जून फोंडा. मनाने आम्ही इथेच राहिलो असतो, हे कबूल केलं पाहिजे. जुना अंत्रुज महाल तो, देवळांचा मुलूख. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे हाकेच्या अंतरावर, जत्रांतली नाटकं, राजीव गांधी कला मंदिर, बाजारात मराठीत बोललं तर कुणी मान वळवत नाही. बसही भरपूर. वाट मात्र एकाच दोरीवर लटकलेली: फर्मागुडीचा उतार, म्हार्दोळ, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीची वाहनं, भोम गावातून जाणारा अरुंद रस्ता आणि मग बाणस्तारीचा पूल. यांतलं एक अडलं की मागचं सगळं अडतं, आणि सोयीचा दुसरा रस्ता जवळपास नाही. २५ तारखेला भोमजवळ एक ट्रक बंद पडला आणि पाटोला पोचायला पावणेदोन तास लागले. बाकीचे चार दिवस ५५ ते ७० मिनिटं. ज्यांना बसमध्ये झोप लागते किंवा वाचता येतं त्यांना फोंडा चालेल. पाळीच्या नोकरीला रात्री साडेआठनंतर बस विरळ होत जाते, हे मोठं उणं.

मडगाव लगेच खोडलं. एरवी आता ते पूर्वीइतकं कठीण नाही. २०२२ च्या डिसेंबरात नव्या झुआरी पुलाची पहिली बाजू सुरू झाली आणि कुठ्ठाळीला तासभर अडकण्याचे दिवस संपले. पण ३३ किलोमीटर ते ३३ किलोमीटर. रेल्वेने येऊ म्हणणाऱ्यांना: पणजीला स्टेशन नाही. सर्वांत जवळचं करमळी, आणि मुंबईच्या लोकलसारखी दर पाच मिनिटांची गाडी कोकण रेल्वेवर नाही.

मेरशी आणि सांताक्रुझला भाडी आमच्या आवाक्याच्या थोडी वर होती. एक घर आवाक्यात होतं. पाहिलं ७ जुलैला, भरतीच्या वेळी. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, कडेचा सखल भाग, दारात घोटाभर पाणी, आणि सेप्टिक टँक भरून आलेला. पंचायत भागात बहुतेक घरांना सेप्टिक टँकच असतो, आणि खाली पाणी वर आलं की तो रिकामा केला तरी आठवड्यात भरतो. शेवटचा कधी उपसला, हा प्रश्न लाजेने टाळू नका. भरतीची वेळ वर्तमानपत्रात किंवा फोनवर मिळते. सखल भागातलं घर भरती आणि पाऊस एकत्र असताना बघायचं.

मग चोडण. १४ ते १७ जुलै. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे, झाडी, पक्षी, मे महिन्यातलं आमचं सगळ्यांत आवडतं घर तिथलं, भाडं फक्त १२ हजार. याच महिन्यात या मार्गावर रो-रो फेरी सुरू झाली, त्यामुळे चारचाकींची रांग हलकी होण्याची आशा होती. प्रवास स्वतः दहा मिनिटांचा. घोळ होतो तो थांबण्यात. बोट समोर निघताना दिसली की पुढची येईपर्यंत उभं राहायचं, आणि संध्याकाळी सहा ते साडेसातला मये-डिचोलीकडे जाणाऱ्या दुचाकीही याच धक्क्यावर येतात. चार दिवसांत ३२ मिनिटांपासून सव्वा तासापर्यंत सगळे आकडे पाहिले. आणि मध्यरात्री पाळी संपवून रायबंदरच्या धक्क्यावर पोचलं तर? एका रात्री करून बघितलं. पाऊस कोसळत होता, पलीकडचा दिवा दिसत होता, बोट नव्हती. त्या पंचवीस मिनिटांनी चोडणचा निकाल लावला. दोघांचीही नोकरी दिवसाची असती तर कदाचित आज तिथेच असतो.

शेवटी २१ ते २५ जुलै खोर्ली, म्हणजे जुन्या गोव्याला लागूनच. इथे राहिलं की पणजीला जाताना मोठा पूल ओलांडावा लागत नाही. आपण आधीच तिसवाडीत असतो. आणि वाटा दोन. वरून बायपास: कदंब पठारावरून मेरशी. खालून नदीकाठचा रस्ता: रायबंदर आणि मग पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये मिठागरांतून बांधलेला, तीन किलोमीटरहून लांब पोंत द लिन्हारिस. बायपास तुंबला तर खालून, खालच्या रस्त्यावर खोदाई असली तर वरून. बांबोळीसाठी मेरशीमार्गे महामार्ग, आणि तोही अडला तर करमळी, आजोशी, नेवऱ्यावरून पिलारला निघणारा आतला रस्ता आहे. बसच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: फोंडा, माशेलहून येणाऱ्या गाडीवर पाटी पणजीचीच असते, पण ती बायपासने जाणार की रायबंदरमार्गे हे चढण्याआधी कंडक्टरला विचारायचं. चुकीची गाडी पकडली तर तुमचा थांबाच लागत नाही. पाच दिवसांचे आकडे: ३०, ३३, ३१, ४६, ३४. शेहेचाळीसच्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस होता.

सर्वांत कमी वेळ इथे लागला असं नाही; पर्वरीहून एकदा २४ मिनिटांतही पोचलो होतो. पण पर्वरीत तेच अंतर दुसऱ्या दिवशी ५५ झालं. आम्ही सरासरीकडे पाहणं सोडलं आणि आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस धरला. बायोमेट्रिकवर नऊ चाळीसला अंगठा उमटतो तो त्या दिवशी.

ऑगस्ट-सप्टेंबर: कागद

२ ऑगस्टला खोर्लीचं ते विहिरीचं घर दुसऱ्यांदा पाहिलं. या वेळी नैर्ऋत्येच्या आणि पश्चिमेच्या भिंती, कारण आपल्याकडे पाऊस तिकडून मारतो. कपाट सरकवून मागे पाहिलं. चिऱ्याची भिंत, एका कोपऱ्यात हातभर ओल, बाकी कोरडी. कौलं त्या वर्षी शिवून घेतलेली. वीज: खांबापासून घरापर्यंतची तार माडांमधून जाते, म्हणजे वादळात झावळ पडून दिवे जाणार, इन्व्हर्टरची तयारी ठेवली. फोनला दोन खोल्यांत रेंज, स्वयंपाकघरात नाही. भाडं १८ हजार सांगितलं, १७ वर ठरलं.

त्यानंतर सात आठवडे काहीच हललं नाही. २७ ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. त्याच्या आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस गोव्यात कुणी कागदाला हात लावत नाही. मग ८ सप्टेंबरपासून म्हाळ, म्हणजे पितृपक्ष, त्यात नव्या घराचा व्यवहार नको असं मालकीणबाईंच्या शेजाऱ्यांचं आणि आमच्याही घरच्यांचं मत. तुम्ही जुलैअखेर घर पसंत केलंत तर हा महिना हिशेबात धरा, नाहीतर जुन्या जागेची नोटीस आधी देऊन बसाल. आम्ही बसलो होतो. साखळीच्या घरमालकांनी सप्टेंबरअखेरपर्यंत राहू दिलं म्हणून निभावलं.

२२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, करार. अकरा महिन्यांचा, स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर. अनामत तीन महिन्यांची मागितली होती, दोनवर आली: ३४ हजार. दलालाला एक महिन्याचं भाडं, १७ हजार. पहिल्या महिन्याचं भाडं धरून त्या दिवशी हातातून ६८ हजार गेले; टेम्पो, इन्व्हर्टर आणि नोटरीचे निराळे. घर बघायला लागतानाच भाड्याच्या चौपट रक्कम बाजूला ठेवा. करारात आम्ही चार वाक्यं घालून घेतली: नोटीस दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची, अनामत चावी दिल्यापासून पंधरा दिवसांत परत, गळती आणि सेप्टिक टँकचा खर्च मालकाचा, विहिरीचं पाणी वापरायला हरकत नाही. शेवटचं वाक्य वाचून नोटरी हसले.

भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस स्थानकात द्यावाच लागतो, आणि ही जबाबदारी घरमालकाची. फोटो, आधार, कराराची प्रत, मालकाचं ओळखपत्र, नोकरीच्या जागेचा पत्ता. दोन फेऱ्या झाल्या, कारण पहिल्या वेळी फक्त एकाचाच फोटो नेला होता. घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाचा लागतो. शिक्का मारलेली पोच मागून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. पत्ता बदलताना कराराबरोबर तीही जवळ असलेली बरी.

चावी मिळाली त्या दिवशी वीजमीटर आणि पाण्याच्या मीटरचा, आकडा आणि तारीख दिसेल असा, फोटो काढला आणि शेवटची दोन बिलं मागून घेतली. पाण्याची थकबाकी ६४० रुपये निघाली, ती मालकीणबाईंनी लगेच भरली. भांडण नको असेल तर हे पहिल्याच दिवशी उरकायचं. मुलं शाळेत जाणारी असतील तर मात्र आमचं हे वेळापत्रक घेऊ नका. २०२५ मध्ये वरच्या इयत्तांचं शालेय वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं; शोध आदल्या मेपासून धरावा लागेल.

ऑक्टोबरनंतर

२ ऑक्टोबरला दसरा आणि सुट्टी एकत्र आली, सामान त्याच दिवशी हलवलं. सकाळी सातला निघालेला टेम्पो साडेनवाला खोर्लीत. पहिल्या आठवड्यात घरात सगळ्यांत जास्त वापर झाला तो संध्याकाळच्या रिकाम्या दीड तासाचा. काय करायचं ते सुचत नव्हतं.

पणजीची गर्दी वर्षभर सारखी नसते, हे नव्या माणसाला माहीत नसतं. शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी कॅसिनोंच्या धक्क्यांसमोर मांडवीकाठचा रस्ता भरतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत इफ्फी हा चित्रपट महोत्सव, फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुका. त्या दिवशी गाडी घरी ठेवून बसने जायचं, किंवा मेरशीला उतरून चालायचं.

आणि जुन्या गोव्याचं स्वतःचं एक संकट आहे: ३ डिसेंबरचं सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात, तेव्हापासूनच पहाटे चालत येणाऱ्यांची रांग रस्त्याने दिसते, आणि चर्चच्या परिसरात गाड्या वळवल्या जातात. फेस्ताच्या दिवशी सुट्टी असल्याने पाटोचं ऑफिस बंद होतं. बांबोळीची पाळी मात्र सकाळी आठची. पावणेसातला करमळीकडून स्कूटर काढली, आजोशी, नेवरा, पिलार करत साडेसातला ड्युटीवर. रस्त्यात चालत येणाऱ्यांसाठी लोकांनी दारात चहाचे थर्मास मांडले होते, त्यातला एक कप प्यायलाही वेळ मिळाला.